तीनशे बैठकांचा नेम

आमच्या घरी इंग्रजीत टंकलेले पत्र आले की ते बहुधा एखाद्या वकिलाचे असे. वडगाव महापालिकेत गेल्यापासून जमिनींना भाव आला होता आणि भावाबरोबर वकील आले होते. म्हणून २००३ सालच्या फेब्रुवारीत तसे पाकीट आले तेव्हा माझ्या मुलाने, बजरंगाने, ते उघडण्यापूर्वीच कपाळाला आठ्या घातल्या. वाचल्यावर आठ्या गेल्या आणि चेहरा पडला.

"बाई, मच्छिंद्रचं आहे," तो म्हणाला.

मला घरात आणि गावात सगळे 'बाई' म्हणतात. एकोणचाळीस वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवले, त्यांतली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. निम्म्या वडगावाने माझ्या हाताखाली अंक गिरवले आहेत. पोटच्या मुलाने आईऐवजी बाई म्हणावे यात मला कधी उणे वाटले नाही. आई सर्वांनाच असते.

मच्छिंद्र हा बजरंगाचा एकुलता एक मुलगा, माझा नातू. खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीत तो तेव्हा तिसऱ्या टर्ममध्ये शिकत होता. आमच्या घराण्यातून सैन्यात अधिकारी होऊ घातलेला तो पहिला. पत्र त्याच्या स्क्वॉड्रनच्या अधिकाऱ्यांचे होते आणि भाषा सभ्य होती. कॅडेट मैदानावर उत्कृष्ट आहे. परंतु गणित आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांत नापास झाला आहे. वर्गात त्याचे लक्ष नसते. मार्चअखेर फेरपरीक्षा होईल आणि तीत तो उत्तीर्ण न झाल्यास त्याला एक टर्म मागे बसवण्यात येईल.

"एक टर्म म्हणजे सहाच महिने की," माझी सून शकू धीर देण्यासाठी म्हणाली.

"सहा महिने नव्हेत," मी म्हटले. "ज्यांच्याबरोबर तो आत गेला ते सगळे पुढे जातील आणि हा मागच्या मुलांत उभा राहील. वर्गात बसवून ठेवलेले मूल कसे दिसते ते मी एकोणचाळीस वर्षे पाहिले आहे. मला सांगू नका."

बजरंगाने आपले निदान तत्काळ दिले. "खुराक कमी पडतोय त्याला. तिथलं जेवण म्हणजे पाव-लोणी आणि उकडलेली अंडी. बदाम आणि तूप पाठवू."

मी ते निदान मान्य केले. हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे बजरंगाला हसणाऱ्यांत मीही होते.

आमचे घराणे तालमीचे. गावातली मारुतीची तालीम माझ्या आजेसासऱ्यांनी बांधली. त्यांनीच घरात एक नेम लावून दिला: घरातल्या एका पुरुषाने रोज पहाटे, सूर्य उगवण्याच्या आत, तीनशे बैठका मारायच्या. घरात लग्न असो, मर्तिक असो, आकडा चुकवायचा नाही. आजेसासऱ्यांकडून तो सासऱ्यांकडे आला, सासऱ्यांकडून माझ्या यजमानांकडे. सोनबा पैलवान म्हणून ते जिल्ह्यात ओळखले जात. त्यांच्यानंतर तो बजरंगाकडे जायचा. पण १९७७ साली बजरंगाचा गुडघा दुखावला आणि त्याने लंगोट खुंटीला टांगला तो टांगलाच. पुढे त्याने नळ आणि पाइपांचे दुकान काढले.  नेम यजमानांनी स्वतःच ओढत नेला आणि १९९४ च्या हनुमान जयंतीला, तालमीतल्या मारुतीसमोर, दहा वर्षांच्या मच्छिंद्राच्या हाती दिला. वर्षभरात ते गेले.

त्या हनुमान जयंतीपासून मुलाची जबाबदारी मी घेतली. मी तेव्हाच निवृत्त झाले होते आणि मला हुकूम देण्यासाठी कोणीतरी हवे होते. त्याचा दिवस मी आखला. पहाटे चारला उठणे, बैठका, जोर, मग तालमीच्या हौद्यात, कुस्तीच्या मातीत, दीर दत्तोबांच्या हाताखाली मेहनत. दत्तोबा तालमीचे वस्ताद. सातला घरी, आंघोळ, थंडाईचा मोठा पेला. आणि मग झोप. पैलवानाचे अंग घामाने तुटते आणि झोपेने बांधले जाते, हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. साडेसात ते साडेनऊ मच्छिंद्र माजघरात घोंगडीवर झोपे आणि त्या दोन तासांत घरात भांडे आपटण्याची कोणाची छाती नव्हती. शकूने कुकरसुद्धा परसात नेला होता. त्याच्या झोपेत खंड पडू नये म्हणून शाळेच्या हेडमास्तरांना स्वतः भेटून मी त्याला दुपारच्या अधिवेशनात घातले. बारावीचे वर्गही दुपारचेच निवडले. निकाल कोणालाही दाखवावा असा होता. दहावीला गणितात एकशे एक्केचाळीस, दीडशेपैकी.

असा मुलगा गणितात नापास होतो, हे माझ्या बुद्धीला पटत नव्हते. मी स्क्वॉड्रनच्या अधिकाऱ्यांना मराठीत पत्र लिहिले आणि पुढच्या रविवारची भेट मागितली. गणिताच्या प्राध्यापकांना भेटण्याची इच्छाही कळवली. उत्तर होकारार्थी आले. बजरंगाच्या जीपमधून, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन, मी खडकवासल्याला गेले.

मच्छिंद्र समोर आला तेव्हा, मी खोटे सांगत नाही, मला पत्राचा विसर पडला. कडक इस्त्री, बारीक कापलेले केस, आणि चालण्यात एक अशी शिस्त की जी मी दोन पिढ्यांच्या मुलांना लावू पाहिली आणि जमली नाही. आठवड्यापूर्वीच तो क्रॉस-कंट्रीच्या शर्यतीत आपल्या स्क्वॉड्रनमध्ये पहिला आला होता.

"किती वाजता उठवतात तुम्हाला?" मी विचारले.

"पाचला, बाई."

"आणि बैठका?"

त्याने आजूबाजूला पाहिले आणि आवाज खाली आणला. "पावणेचारला उठतो. न्हाणीघरात मारतो. चुकल्या नाहीत एकही दिवस. कॅम्पला होतो तेव्हा तंबूमागे मारल्या."

माझी मान ताठ झाली. बजरंग दुसरीकडे पाहू लागला. त्याचा गुडघा अशा वेळी नेहमी त्याला काहीतरी दूरचे दाखवतो.

"मग पाचला पुन्हा पीटी?"

"पीटी, ड्रिल, कधी घोडा. मग नाश्ता आणि आठपासून वर्ग." तो थांबला. "बाई, मी झोपत नाही मुद्दाम. पोटात अन्न गेलं की डोळ्यांवर कोणीतरी हात ठेवल्यासारखं होतं. मी चिमटे काढतो. सुई टोचून पाहिली." त्याने तळहात दाखवला. त्यावर लाल ठिपके होते. "एक टर्म मागे गेलो तर, बाई, मला माझ्या कोर्समेट्सना तोंड दाखवता येणार नाही."

लाडवांचा डबा मी त्याच्या हाती दिला. त्या क्षणी मला तेवढेच सुचले.

प्राध्यापक दिगंबर लवाटे सदाशिव पेठेतले निघाले. बारीक चणीचे, जाड भिंगांचा चष्मा, आणि बोलताना ओठ न हलवण्याची पेठेतली कला त्यांना अवगत होती.

"बसा आपण," ते म्हणाले. "तुमचा नातू बसत नाही, तुम्ही तरी बसा."

"बसत नाही म्हणजे?"

"आमच्याकडे जुनी रीत आहे. ज्या कॅडेटला झोप आवरत नाही त्याने आपणहून उठून वर्गाच्या मागे उभे राहायचे. कोणी रागावत नाही. पहाटेपासून पळालेली मुले असतात, डोळा लागायचाच. उभे राहिले की जाते झोप. आपले चिरंजीव उभे राहतात आणि झोपतात."

"उभ्याने?"

"उभ्याने. डोळे उघडे ठेवून. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिलाच. घोड्यांविषयी ऐकले होते."

मी बाई आहे; माझ्या नातवाला घोडा म्हणणाऱ्याला मी सहज सोडत नाही. "गणितात त्याला दहावीला एकशे एक्केचाळीस गुण होते," मी म्हटले.

"मला शंका नाही. त्याला दुपारी चार वाजता गणित घाला, तो मला शिकवील. परवा मैदानावर जाण्यापूर्वी मला गाठून त्याने एक असा प्रश्न विचारला की मी घरी जाऊन पुस्तक काढले. पण सकाळी नऊ वाजता त्याला स्वतःचे नावसुद्धा विचारू नये. आणि फेरपरीक्षा, आजी, सकाळी नऊलाच आहे. सरकार वेळ बदलत नाही."

त्यानंतरही ते काही बोलले, पण माझे लक्ष नव्हते. साडेसात ते साडेनऊ. नाश्ता पोटात गेला की. डोळ्यांवर कोणीतरी हात ठेवल्यासारखे.

तो हात माझा होता.

परतताना जीपमध्ये बजरंग बदामाविषयी बोलत होता. मी त्याला गप्प केले. चूक माझी होती. हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा लिहिलेले नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. आठ वर्षे, रोज, एकही दिवस न चुकवता, मी त्या मुलाच्या अंगाला शिकवले की घाम गाळल्यावर आणि पोट भरल्यावर झोपायचे असते. वर्गात पेंगणाऱ्या परक्यांच्या मुलांना मी बाकावर उभे केले आणि घरच्या मुलाला, शाळेच्या त्याच वेळी, कुकर परसात नेऊन झोपवले. शरीर हे आज्ञाधारक विद्यार्थी असते. शिकवलेले विसरत नाही. त्यात हा मुलगा सगळ्यांच्या आधी सव्वा तास उठून तीनशे बैठका मारत होता, म्हणजे मी शिकवलेला धडा रोज दुप्पट गिरवत होता.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात, टर्मच्या मध्यावर, त्याला चार दिवसांची सुट्टी होती. शुक्रवारी संध्याकाळी तो घरी आला. मी त्याला समोर बसवून सगळे सांगितले आणि म्हटले, "उद्यापासून बैठका बंद. पाचपर्यंत झोपायचे."

त्याने माझे बोलणे कधी मोडले नव्हते. त्या दिवशी मोडले.

"नाही, बाई."

"काय म्हणालास?"

"मारुतीसमोर शब्द दिलाय. आजोबांच्या हातात हात देऊन. तुम्हीच तर शिकवलंत, शब्द सोयीनं मोडायचा नसतो. मागं जावं लागलं तर जाईन एक टर्म. नेम मोडणार नाही."

शकूने पदर डोळ्यांना लावला. बजरंगाने गुडघ्याला हात लावला. आणि मी, जिला खरे तर राग यायला हवा होता, मनात म्हटले: हा सोनबांचा नातू आहे. अभिमानाने माणसाची किती पंचाईत होते ते मला त्या रात्री कळले. त्याला शब्द मोडायला लावावा तर तो माझा नातू राहत नव्हता. न मोडावा तर तो मागे पडत होता.

दुसऱ्या दिवशी शनिवार, मारुतीचा वार. सकाळी सहाला मी घरातल्या सगळ्यांना तालमीकडे चालायला सांगितले. शकूलाही. तालमीत बायका जात नाहीत. पन्नास वर्षांत मी तिच्या उंबऱ्याशी हळदीकुंकू ठेवले, नारळ ठेवला, जेवणाचे डबे ठेवले. आत पाऊल ठेवले नव्हते. त्या दिवशी मी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

दत्तोबा हौद्यात माती उकरत होते. फावडे तसेच हातात राहिले.

"वैनी! ह्ये काय?"

"मारुतीला काही सांगायचे आहे, भाऊजी. बाहेरून ऐकू जाणार नाही."

मी मारुतीसमोर उभी राहिले. बाजूला यजमानांचा फोटो होता, गदेसह. मी म्हटले की मच्छिंद्राचा नेम उद्या पहाटेपासून घर उचलेल. त्याची परीक्षा होईपर्यंत तीनशे बैठका घरातली माणसे वाटून घेतील, आणि तो पाचपर्यंत झोपेल.

"वाटून?" दत्तोबांनी फावडे भिंतीला टेकवले. "वैनी, नेम वाटून घ्याया त्यो काय परसाद हाय? ज्याचा नेम त्यानंच फेडायचा. आमच्या आज्याच्या काळापासनं दुसऱ्या कुनी मारल्या न्हाईत."

"मारल्या आहेत."

"कुनी?"

"मी."

 मी फोटोकडे पाहिले आणि, त्रेचाळीस वर्षांनी, सांगितले.

पानशेतच्या पुराच्या आदल्या वर्षी यजमानांना विषमज्वर झाला होता. एकोणीस दिवस ते अंथरुणाला खिळून होते. माणसे ओळखत नव्हते. पण तापातही ओठ बैठका मोजत. एकशे बारा, एकशे तेरा. आणि पुढचा आकडा हरवला की रडत. घरात दुसरा मोठा पुरुष नव्हता. सासरे गेले होते आणि दत्तोबा तेव्हा मिसरूड न फुटलेले, सांगलीला कुस्ती शिकायला. मी चोवीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी स्वयंपाकघराचे दार लावून तीनला सुरुवात केली ती सूर्य उगवेपर्यंत तीनशे झाल्या. त्या दिवशी शाळेत मी प्रथमच खुर्चीत बसून शिकवले, आणि मुलांना वाटले बाई रागावल्या आहेत. एकोणिसाव्या दिवशी मला त्या धाप न लागता मारता येत होत्या, असे म्हणणार नाही. पण त्या तीनशेच होत्या, एक कमी नाही.

ताप उतरल्यावर यजमानांनी पहिला प्रश्न विचारला, "किती दिवस मोडले?" मी म्हटले, "एकही नाही." त्यांनी माझ्या पायांकडे पाहिले. मग विचारले, "पाय दुखतात का?"

त्यानंतर या विषयावर आम्ही दोघे कधी बोललो नाही. तालमीच्या नेमात बाईचा हात लागला हे गावाला कळले असते तर पैलवानाला खाली पाहावे लागले असते. तो काळ तसा होता. मी तो काळ बदलू शकत नव्हते, म्हणून दार लावून घेतले.

"तेव्हा भाऊजी," मी म्हटले, "नेम माणसाचा नाही, घराचा आहे. तुमच्या थोरल्या बंधूंनी तो तसाच मानला. आता तुम्हाला त्यांच्यापेक्षा जास्त कळत असेल तर सांगा."

दत्तोबा हौद्याच्या काठावर बसले. मातीत बोट फिरवले. मग म्हणाले, "शंभर माझ्याकडं."

"दत्तोबाआजोबा, तुमचं वय—" मच्छिंद्र बोलला.

"गप ऱ्हा. उभ्यानं झोपनाऱ्यानं मला वय शिकवू नगं."

मी बजरंगाकडे वळले. "दीडशे."

"बाई, माझा गुडघा—"

"तुझा गुडघा सव्वीस वर्षे सुट्टीवर आहे. त्याला आता कामावर घेऊ."

"दीडशे होणार नाहीत एका दमात."

"एका दमात कोणी मागितल्या? सूर्य उगवायच्या आत झाल्या की झाले. दहा दमांत मार."

राहिल्या पन्नास. शकू उंबऱ्याशीच उभी होती. तिने विचारले, "बाई, साडीत जमतील का?"

"मी नऊवारीत मारल्या. कासोटा त्यासाठीच असतो. अडतीस तुझ्या."

"आणि बारा?"

"त्या माझ्या. सदुसष्टाव्या वर्षी बारा पुरेत."

मच्छिंद्र मारुतीपुढे उभा होता. त्याने फोटोकडे पाहिले, मग वाकून माझ्या पायांना हात लावला. पाया पडताना त्याचा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ तेथे राहिला, गुडघ्याच्या खाली, पोटऱ्यांवर.

पण झोप परत मिळाली म्हणजे लक्ष परत आले असे नव्हे. अंगाला लागलेली सवय मोडायची होती आणि हाताशी चार दिवस होते. त्यातला एक तालमीत गेला होता. रविवारपासून मी माझी शाळा उघडली. पाचला उठून त्याने कालव्याच्या कडेने धायरीपर्यंत धावायचे आणि परत यायचे. आंघोळ. नाश्ता अर्ध्या पोटी. लाडू नाही, थंडाई नाही. आणि बरोबर आठला, ज्या माजघरात मी त्याला आठ वर्षे झोपवले त्याच माजघरात, जुना फळा भिंतीला टेकवून गणित. घोंगडी मी गच्चीवर नेऊन टाकली.

पहिल्या दिवशी साडेआठला त्याची मान कलली. मी टाळी वाजवली. पाच मिनिटांनी पुन्हा कलली. मग मला माझाच धंदा आठवला. एकोणचाळीस वर्षांत वर्गात अनेकदा थकले, आजारी असताना शिकवले; पण शिकवताना पेंगलेली शिक्षिका मी पाहिलेली नाही. ऐकणाऱ्याला झोप येते. सांगणाऱ्याला येत नाही.

मी खडू त्याच्या हाती दिला आणि स्वतः खाली बसले. "मला शिकव."

"बाई, हे कॅल्क्युलस आहे."

"मग सावकाश शिकव. मी जुन्या काळातली सातवी पास आहे."

त्याने शिकवायला सुरुवात केली. मला समजत नव्हते तिथे मी अडवले आणि मला बहुतेक ठिकाणी समजत नव्हते. "हे असे का? हे कोठून आले? पुन्हा सांग." तो चिडला, हसला, पुसून पुन्हा लिहू लागला. साडेनऊ कधी वाजले कळले नाही. खिडकीतून शकू पाहत होती. तिला वाटले आम्ही भांडतो आहोत. दुसऱ्या दिवशी मला असे दिसले की धावून आल्यावर त्याचे डोके अधिक उघडे असते. दुपारी जे गणित त्याला तीनदा पुसावे लागे ते सकाळी एकदाच. घामानंतरचा तो तास, जो मी आठ वर्षे घोंगडीखाली घातला, तोच दिवसातला सर्वांत तीक्ष्ण तास होता. शोधायला मला उशीर झाला. पण शोधला मीच.

तिकडे माजघराच्या भिंतीपलीकडून रोज पहाटे बजरंगाचे विव्हळणे ऐकू येई. "एकोणसाठ... आई गं... साठ." तेवढ्यापुरती मी आई होते.

मच्छिंद्र परत जाताना मी त्याच्याबरोबर लवाटे सरांना पत्र दिले. मजकूर थोडक्यात होता. "सप्रेम नमस्कार. आपल्या वर्गातील जुन्या रीतीचा मी आदर करते. तथापि विनंती अशी की माझ्या नातवास झोप आल्यास त्याने वर्गाच्या मागे नव्हे, पुढे, फळ्यापाशी उभे राहावे व चालू असलेले उदाहरण इतरांस समजावून सांगावे. तो चुकल्यास आपण त्यास हसावे. ते त्यास मानवते. आपली, विजयमाला."

त्यानंतरचे दोन आठवडे मी काढले. कसे काढले ते सांगण्यासारखे नाही. फेरपरीक्षेच्या दिवशी सकाळी नऊ ते बारा मी माजघरात फळ्यासमोर बसून होते. फळ्यावर त्याचे शेवटचे उदाहरण तसेच होते. शकूने कुकर आत आणला होता. तिने तो चढवला नाही. मीच म्हटले, "वाजू दे शिट्टी. त्याला आता शिट्टीची भीती नाही."

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पोस्टकार्ड आले. अक्षर मुंगीएवढे.

"सा. न. वि. वि. चि. मच्छिंद्र दोन्ही विषयांत उत्तीर्ण. गणितात सत्तावन्न, पदार्थविज्ञानात चौपन्न. टर्म पुढे सुरू. आपल्या विनंतीनुसार त्यास फळ्याशी उभे केले. त्यामुळे माझ्या वर्गात खडू फार संपतो आणि आता आणखी चार जणांनी मागे उभे राहणे सोडून पुढे येणे सुरू केले आहे. मला बसायला जागा उरलेली नाही. तक्रार नाही. आपला, दि. लवाटे."

बजरंगाने ते कार्ड दुकानात काचेखाली लावले. मी काढायला लावले नाही.

पुढच्या रविवारी मच्छिंद्र सकाळी सहाच्या आतच घरी हजर झाला. पहाटेची बस पकडली होती. दार उघडे होते. माजघरात बजरंग उघड्या अंगाने, घामाने निथळत बैठका मारत होता आणि शकू भिंतीशी उभी राहून मोजत होती. त्याचे पोट दोन बोटे आत गेले होते.

"आबा, द्या आता परत," मच्छिंद्र म्हणाला. "परीक्षा झाली. नेम माझा आहे."

बजरंग थांबला नाही. "एकशे एक्केचाळीस. तुझा असेल. एकशे बेचाळीस. पण रांगेत ये. एकशे त्रेचाळीस. सव्वीस वर्षं मी वाट बघितलीय."

शकूने आकडा चुकवला नाही, पण मोजता मोजता ती हसली. मी ते पाहिले नाही असे दाखवले.

पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात प्रबोधिनीच्या मैदानावर मच्छिंद्राच्या तुकडीची शेवटची परेड झाली. आपल्याच कोर्सबरोबर, आपल्याच रांगेत, उजवीकडून तिसरा. पाहुण्यांना खुर्च्या होत्या. मी उभी राहिले. दत्तोबा म्हणाले, "वैनी, बसा की, तास-दीड तास चालल."

"उभे राहण्याची आमच्या घरात सवय आहे," मी म्हटले.

मागच्या रांगेतून कोणीतरी हसल्याचा आवाज आला, ओठ न हलवता. लवाटे सर होते. त्यांनी आपली खुर्ची पुढे आणली आणि माझ्याशेजारी ठेवली. पण तेही बसले नाहीत.

परेड संपल्यावर मच्छिंद्र गर्दीतून वाट काढत आमच्याकडे आला. टोपी काखेत, चेहरा उन्हाने तापलेला. सॅल्यूट करण्याआधीच त्याने विचारले, "बाई, आज?"

"तीनशे. निघण्याआधी."

आता तो मोठ्या हुद्द्यावर आहे. कोठे आहे ते मी लिहीत नाही. ते लिहायचे नसते. दत्तोबा तीन वर्षांपूर्वी गेले आणि त्यांच्या शंभर शकूने उचलल्या. नेम अजून माजघरातच आहे. माझ्या बारा माझ्याकडेच आहेत. गेल्या दिवाळीपासून मी त्या खुर्चीचा दांडा धरून मारते. दांडा धरणे नेमात बसते का, असे विचारणारा कोणी या घरात उरलेला नाही. आणि असता, तरी त्याने विचारले नसते.